एका चिऱ्याची जागा

बाबा,

आज घरी गॅसचा गिझर तपासायला माणूस आला होता. तुम्ही असतात तर त्याच्या मागोमाग बाथरूममध्ये शिरला असतात आणि त्याला धड काम करू दिलं नसतंत. चष्मेवाला, पन्नाशीचा, कसली घाई नसलेला माणूस. आधी त्याने सिलिंडर बंद केला, मग नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून, पुन्हा गॅस सोडून, बुडबुडा येतो का ते बघत बसला. नळी कडक झालीय, बदलायला हवी म्हणाला. गिझर पेटवून आतली ज्योत मला वाकून बघायला लावली. "आजी, ही निळी दिसता तवसर काय चिंता नाय. पिवळी दिसली काय बंद करा आणि माका फोन करा." मी मान डोलावली. मग त्याने वर बघितलं. बाथरूमला एक लहानशी जाळीची खिडकी आहे, तिच्यात आमच्या सूनबाईंनी थर्माकोलचा तुकडा कापून बसवला होता, डास येतात म्हणून. त्याने तो उपसून काढला, हातात धरला आणि म्हणाला, "हो कोणी घातल्यान? अशान माणसां मरतत." आणि बाबा, मी ओरडले. त्या परक्या माणसासमोर सुनेला नको नको ते बोलले. तुला अक्कल आहे का, तुझ्या लेकीला आत कोंडून मारायचंय का, असलं काहीबाही. ती बिचारी रडायला लागली. मुलगा म्हणाला, आई, अगं एवढं काय झालं? मी खोलीत येऊन दार लावून बसले, आणि आता लिहिते आहे.

तुम्हाला सांगायचं राहिलं आहे ते आधी सांगून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि कागद संपेल. गोवा मोकळा झाला त्याच्या आदल्या थंडीत वहिनी आपल्या न्हाणीत पडली. तुम्ही मरेपर्यंत ती चूक तुमच्या हाताची समजलात. ती तुमची नव्हती. भिंतीतलं ते भोक बुजवलेलं होतं. मी बुजवलं होतं. आणि तुम्ही वहिनीला उचलून अंगणात नेत होतात तेवढ्यात ते मीच मोकळं केलं. साठ वर्षांहून जास्त झाली. ऐंशी ओलांडली मी. एवढ्या वर्षांत हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही, आज कागदावर पडलं.

परवा नातीला बंब म्हणजे काय ते सांगत होते. तांब्याचं पिंप, त्याच्या पोटातून वरपासून खालपर्यंत एक नळा, नळ्यात निखारे, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची ताटली, बाजूला तोटी. ती म्हणाली, म्हणजे गिझरच की. मी म्हटलं, हो बाई, गिझरच, फक्त त्याला तुझे पणजोबा लागायचे. मालवणात तेव्हा बंब असलेली घरं मोजकी होती. बाकी सगळ्यांची न्हाणी म्हणजे माडाच्या झावळांचा आडोसा, चुलीवर पाण्याचं भाण, धूर जाईल तिकडे जाईल. मुंबईला नोकरी करणाऱ्यांनी गावात जांभ्या चिऱ्याच्या भिंतींची, वर स्लॅब घातलेली, घट्ट दाराची न्हाणी बांधायला सुरुवात केली आणि तिथे बंब आले. बंब आले म्हणजे तुम्ही आलात. बाजारात आपलं तांब्यापितळेचं दुकान, मागे घर. दिवाळी तोंडावर आली की लोक डोक्यावरून बंब घेऊन यायचे, आणि तुम्ही तो ठोकून, कान लावून, वैद्याने नाडी बघावी तसे बघत बसायचात. आधी काठोकाठ पाणी भरायचं आणि घटकाभर ताटलीकडे बघायचं. ताटलीत थेंब पडला की नळा आतून फुटका. मग माडाच्या हिरांचा जुडगा नळ्यात घालून वर्षाची काजळी खाली पाडायची. जळून पातळ झालेली जाळी बदलायची. आणि गिऱ्हाईक निघताना प्रत्येकाला तेच सांगायचं, जणू त्याने जन्मात कधी ऐकलं नाही: "आदी पाणी, मगे इस्तव. उपरट्यान केलास तर सांध्याचो डाख वितळतलो, आणि मगे माज्या नावान बोंबलू नकात."

इथवर ठीक होतं. पण तुमचं खरं वेड पुढे होतं. नवा बंब न्यायला कोणी आलं की तुम्ही तो द्यायचात नाही. आधी त्याची न्हाणी बघायला जायचात. एका हातात वात, दुसऱ्या हातात पहार. दार लावून आत उभे राहायचात आणि वातीची ज्योत भिंतीला वरच्या अंगाला धरायचात. ज्योत बाहेरच्या दिशेने झुकली नाही तर त्या माणसाच्या नव्या कोऱ्या भिंतीतला एक चिरा काढायला लावायचात. वरच्या बाजूचा, अख्खा. लोक चिडायचे. मुंबईहून पैसे पाठवणाऱ्या मुलाला काय सांगायचं, भिंतीला भोक का? एकजण तर म्हणाला होता, तांबट येता म्हणजे चोराची सोय करून जाता. तुम्ही हसायचात, पण पहार खाली ठेवायचात नाही. माझ्या मैत्रिणी मला चिडवायच्या, तुझ्या लग्नात बाबा मांडवाला पण भोक पाडतील. मला लाज वाटायची, बाबा. खरंच वाटायची.

कारण मला ठाऊक होतं, तरी वाटायची. तुम्ही काम शिकलात त्या भट्टीवर एका पावसाळ्यात झड आत येते म्हणून दारं लावली होती आणि दोन कारागीर कोळशाशेजारी झोपल्यासारखे पडले ते उठलेच नाहीत, हे तुम्ही मला जेवताना सांगितलं होतंत. भात कालवत, खाली मान घालून. "लाकूड बरा," तुम्ही म्हणालात, "लाकूड धूर करता, डोळे चुरचुरतत, माणूस आपसूक भायर येता. नारळाच्या करटीच्या कोळशाक धूर नाय. तो काय एक सांगना नाय. बंद खोलयेत तो वारो मारता, आणि मगे माणसाक." आजच्या माणसाने मला त्या वाऱ्याचं इंग्रजी नाव सांगितलं. तुम्हाला नाव ठाऊक नव्हतं, पण तो कुठून शिरतो आणि कुठून काढायचा ते बरोबर ठाऊक होतं.

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची. दादा मुंबईला बोटीच्या कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं आणि वहिनी आली. तिलाही आई नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता आपल्याकडे झालं. घरात जाणती बाई कोणी नाही, मी एकोणीस वर्षांची अर्धवट, आणि तुम्ही. तुम्ही काय केलंत? दोन महिने रोज संध्याकाळी दुकान आवरल्यावर सुनेसाठी बंब घडवलात. विकत कोणाला असला दिला नाहीत. कडेला नक्षीची वेल ठोकलीत, तोटीला मोराचं तोंड. वहिनी तो बघून एवढंच म्हणाली, "मामंजी, माका कोणी अशी वस्तू दिली नाय कधी." तुम्ही पहार उचललीत आणि दादाने हौसेने बांधलेल्या न्हाणीच्या भिंतीतला एक चिरा काढलात. बाळाच्या डोळ्यांना धूर नको म्हणून करटीचा कोळसा चालेल असं ठरवलंत, पण भोक उघडं पाहिजे. वात धरून मला दाखवलंत. ज्योत बाहेर झुकली. "बघ चेडवा. एवढा पुरता. ह्या बुजवचा नाय. कोणी सांगल्यान तरी नाय."

सांगणारी दुसऱ्या आठवड्यात आली. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणारी वैजीण. अर्ध्या गावाचे जन्म तिच्या हातावर झालेले, आवाज खडा, कंबरेला पदर खोचलेला. तिने न्हाणीत पाऊल टाकलं आणि वर बघून कपाळावर हात मारला. "अगे बाये! हय न्हाण घालूचा? वारो बघ कसो येता! ओल्या बाळंतिणीच्या हाडात वारो शिरलो तर जल्माची कामातसून गेली ही!" आपल्याकडे बाळंतिणीच्या वैऱ्याचं नाव एकच, वारो. खिडक्या बंद, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "भोक रवतला." ती म्हणाली, "तुमी तांबट. बाळंतपणातला तुमका काय समाजता?" तुम्ही हटला नाहीत. तिने तोंड फिरवलं आणि रोज न्हाऊ घालताना माझ्याकडे बघून पुटपुटायची. बारसं होऊन गेलं तरी हे असंच चाललं. तुम्ही रोज सकाळी स्वतः बंब भरायचात, पेटवायचात, वात धरून बघायचात आणि मग दुकानात जायचात.

त्या दिवशी तारकर्लीहून निरोप होता. एका घरचा बंब गळत होता आणि त्यांच्याकडे दुपारी कार्य होतं. तुम्ही उजाडताच बंब पेटवून, सगळं बघून निघालात. जाताना मला म्हणालात, "दार वायच उघडा ठेव. भोकाक हात लावू नको." मी म्हटलं, होय हो, किती वेळा सांगशात? असं चिडूनच म्हटलं. थंडी त्या दिवशी खरोखर होती. खाडीवरून वारा येत होता, आपल्याकडे क्वचित असतो तसला बोचरा. वैजीण आली, न्हाणीत गेली, आणि लगेच बाहेर आली. "बाबा खंय?" तारकर्लीक, मी म्हटलं. तिने माझा हात धरला. हे मला अजून आठवतं, तिचा हात खरखरीत आणि गरम होता. ती ओरडली नाही, उलट मऊ आवाजात बोलली. "बाय, तुजी वहिनी बिनआवशीची. आज तिका वारो लागलो तर जल्मभर कोणाच्या तोंडाकडे बघशीत? एक पोता घाल थय. न्हाण होतकच काढ. बाबाक कळाचा नाय."

बाबा, मी तुमच्यावर रागावून ते केलं नाही. मला वहिनीची काळजी वाटली. आणि थोडं असंही वाटलं की एकदा तरी घरात बाईमाणसाचं ऐकावं. मी पाटावर पाट ठेवला, चढले, गोणपाट घडी करून त्या भोकात ठासून भरलं. चांगलं घट्ट. खाली उतरले तेव्हा न्हाणी एकदम शांत आणि ऊबदार वाटली, वाऱ्याचा आवाज थांबला. वहिनी हसली. म्हणाली, "आज कसा बरा वाटता."

आधी बाळाला न्हाऊ घातलं. रोज तो आकांत करायचा, त्या दिवशी दोनदा ऊं ऊं केलं आणि गप्प. वैजीण खूश. "बघलंस? वारो नाय तर पोर कसो गपचिप." तिने त्याला गुंडाळून बाहेर खाटेवर आणला, तेल काजळ केलं, तीट लावली. मग आत जाऊन वहिनीच्या अंगावर पाणी घातलं आणि तिला तिथेच पाटावर बसवून आली. घाम येऊ दे म्हणाली, घाम आला की अंग मोकळं होतं. वहिनी आतून म्हणाली की डोकं ठणकतंय. वैजीण म्हणाली, बाळंतपणात ठणकतंच. मी स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळते आहे. न्हाणीच्या दाराला आतून कडी घातल्याचा आवाज येतो. वहिनीने घातली, सासरा कधीही येईल म्हणून. मी ढवळते आहे. आत तांब्या पडल्याचा आवाज येतो आणि घरंगळत भिंतीला लागून थांबतो. मी हाक मारते, वहिनी? उत्तर नाही. मी पुन्हा हाक मारते. वैजीण बाळाला मांडीवर घेऊन म्हणते, "निजलीसा ती. घाम येता तेवा नीज येता. उठवू नको." आणि मी पुन्हा खिरीकडे वळते. किती वेळ? मला अजून सांगता येत नाही. खीर करपायला लागेपर्यंत. मी ढवळतच राहिले. कारण उठून दार वाजवलं असतं तर पोत्याचं बोलावं लागलं असतं.

तुम्ही लवकर आलात. तारकर्लीच्या त्या बंबाची नुसती तोटी सैल होती, तुम्ही फिरवून दिलीत आणि चालत निघालात. ओसरीवर चढता चढता तुम्ही रोजचाच प्रश्न विचारलात, "न्हाणयेचा दार कितीसा उघडा?" मी म्हटलं, वहिनी आत आसा, कडी घातलीसा. तुम्ही हातातली पिशवी टाकलीत. बाबा, तुम्हाला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दारावर थाप मारलीत, एक, दोन, मग खांदा लावलात. तिसऱ्या धक्क्याला कडी भिंतीतून निघाली. वहिनी बंबाजवळ कुशीवर पडली होती, ओलं लुगडं अर्धं अंगावर. ओठ लाल होते, गाल लाल, एखाद्या नव्या नवरीसारखे, आणि डोळे उघडे पण कुठेच बघत नव्हते. सासऱ्याने ओल्या बाळंतिणीला हात लावायचा नसतो. वैजीण किंचाळली, "शिवा नकात! शिवा नकात!" तुम्ही खांद्यावरचा पंचा तिच्यावर टाकलात, तिला दोन्ही हातांवर उचललंत आणि सरळ मागल्या अंगणात, वाऱ्यात नेऊन ठेवलंत. वैजीण मागे धावली. "भितर आणा तिका! चुलीकडे आणा! वारो लागतलो!" आणि तुम्ही, कधी कोणाला उणा शब्द न बोललेले तुम्ही, ओरडलात, "वारोच लागांदे! वारोच व्हयो तिका!"

तेवढ्यात मी काय केलं ते ऐका. वहिनी अंगणात पडली आहे, जिवंत की मेली ठाऊक नाही, तुम्ही तिचं तोंड धरून हाका मारताहात, आणि मी न्हाणीत शिरले, पाटावर पाट, गोणपाट ओढून काढलं, घराच्या बाजूला लाकडांच्या ढिगामागे टाकलं. पाट जागेवर ठेवले. मग अंगणात येऊन रडायला लागले. कोणी शिकवलं होतं मला हे? कोणी नाही. हात आपोआप चालले. वैजिणीने मला बघितलं. आम्ही दोघी पुढे कधीच त्यावर बोललो नाही.

वहिनीने बऱ्याच वेळाने श्वास ओढला, घशातून, मोठ्याने. मग उलटी झाली. ती वाचली. बाळही वाचलं, आधी बाहेर आणलं म्हणून. पण दोन दिवस तिला बाळाचं बारशातलं नाव आठवेना आणि पुढेही हातातली वस्तू सुटायची, बोलता बोलता शब्द हरवायचा. गावाने निकाल लावला. काहीजण म्हणाले, तांबटाच्या बंबाने सुनेचा घास घेतला असता. वैजीण घरोघरी सांगत सुटली, बंबाने काही झालं नाही, ह्यांनी तिला वाऱ्यात टाकली म्हणून तिचं डोकं गेलं. दोन्हीकडून तुम्हीच. दादा सुट्टी काढून आला, त्याने तुमच्याकडे बघून एकच वाक्य टाकलं, "तुमच्या हाताची वस्तू म्हणान माका धीर होतो." आणि बायको-मुलाला घेऊन मुंबईला गेला. पुढे बरीच वर्षं त्याची पत्रं मला यायची, तुम्हाला नाही.

तुम्ही मात्र ते गावाचं वगैरे ऐकतच नव्हतात. तुम्ही न्हाणीत बसून होतात. बंब भरून बघितलात, ताटली कोरडी. नळा बघितलात, स्वच्छ. वात पेटवून भोकाशी धरलीत. ज्योत बाहेर झुकली. पुन्हा धरलीत. दिवसभर धरत होतात. सगळं बरोबर होतं आणि तरी सून मरता मरता वाचली, हे तुम्हाला जुळेना. तिसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात कल्हई करत बसला होतात, मी चहा घेऊन आले. तुम्ही हातातला कापूस खाली ठेवलात. आवाजात राग नव्हता. विनवणी होती, त्याने मी जास्त घाबरले. "चेडवा, आठव. त्या दिसा भोक उघडा होता मा?" मी म्हटलं, होय. "अर्धा पण बुजला नव्हता?" नाय. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, ओळखलंत. पण तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "मगे माजाच माप चुकला."

माझं खोटं तुम्हाला खरं वाटलं आणि स्वतःचा हात खोटा. चहा पिऊन तुम्ही पहार उचललीत. तुमचे बंब जिथे जिथे गेले होते त्या प्रत्येक घरी गेलात. मालवण, तारकर्ली, देवबाग, थेट कट्टा गावापर्यंत. दारात उभे राहून सांगितलंत, "एक चिरो पुरना नाय. माजी चूक झाली. अजून एक काढूक होयो." ज्यांनी पहिल्या भोकाला शिव्या दिल्या होत्या त्यांच्यासमोर जाऊन तुम्ही चूक झाली म्हणालात. काहींनी दुसरा चिरा काढू दिला. काहींनी बंबच परत आणून टाकला. मी स्वतःची समजूत घालायची, दोन भोकांनी कोणाचं वाईट तर होत नाही ना, झालं तर भलंच. ते खरंही आहे. पण तुम्ही त्यानंतर एकही बंब घडवला नाहीत. मोराच्या तोंडाचा तो घणाने चेपून भंगारात घातलात. मी बघत होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मला वाटलं, दादा परत येणार नाही, माझं जमत आलेलं लग्न मोडेल, वैजीण उलटेल. सगळी कारणं खरी होती. पण मूळ कारण एवढंच की तुमच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं.

पुढची आठ वर्षं तुम्ही लोकांच्या भांड्यांना कल्हई केलीत. कोणी न्हाणीबद्दल विचारलं तर म्हणायचात, "माका इचारू नकात, माका समाजना नाय." मी माहेरी आले की तुम्ही माझ्याशी हसून बोलायचात, मला आवडतं म्हणून बांगड्याचं तिखलं करायला लावायचात, आणि मधूनच माझ्याकडे बघत राहायचात. दर वेळी मला वाटायचं, आता विचारतील. शेवटच्या आजारात एका दुपारी तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "त्या दिसा वारो खंयचो होतो गो? दक्षिणेचो काय?" तुम्ही अजून हिशोब जुळवत होतात. मी तुमचे पाय चेपत होते. म्हटलं, बाबा, नीज घ्या.

वहिनी अजून आहे. मुंबईत, ते बाळ आता साठी उलटलेलं, त्याच्याकडे. शब्द हरवतात, पण तुमच्या तिथीला पान ठेवायला विसरत नाही. दादाला सुद्धा तिनेच सांगितलं होतं की मामंजींनी शिवाशिव बघितली नाही म्हणून मी आहे, पण त्याला ते पटायला तुम्हाला जावं लागलं. हा कागद खरं तर तिला दाखवायला हवा. तुम्ही तर कुठून वाचणार, पण तिला ऐकू येतं अजून, तिच्या नातवाकडून वाचून घेईल. पाकिटावर पत्ता लिहायला घेतला होता. लिहिला नाही. ती मला क्षमा करेल हे मला माहीत आहे, आणि मला ती क्षमा नको आहे. सुनेची मात्र उद्या क्षमा मागेन, तेवढं जमेल.

आणि एक, बाबा. तुम्ही गेलात त्या सकाळी मी खूप रडले, ते सगळ्यांनी पाहिलं. पण रडू फुटण्याच्या आधी, तुमचा श्वास थांबला तेव्हा, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की आता मला कोणी विचारणार नाही. आणि मला बरं वाटलं.